५० यार्डांचे रांगणे आणि ५१ यार्डांची किक : ‘फेसिंग द जायंट्स’चा प्रकरण अभ्यास

जॉर्जिया राज्याच्या नैऋत्य भागात फ्लिंट नदीच्या काठी ऑल्बनी नावाचे शहर आहे. तिथल्या शेरवूड बॅप्टिस्ट चर्चने शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघावर (अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचा, टकरींचा खेळ) एक कौटुंबिक चित्रपट काढला, ‘फेसिंग द जायंट्स’. खर्च एक लाख डॉलर, तोही सभासदांच्या देणग्यांतून. कलाकार आणि तंत्रज्ञ बहुतेक सगळे स्वयंसेवक. २९ सप्टेंबर २००६ रोजी हा चित्रपट ४४१ थिएटरांत लागला आणि अमेरिकेत त्याने सुमारे १ कोटी २ लाख डॉलर गल्ला जमवला.

श्रद्धा, घर आणि शाळेचे मैदान यांची सांगड घालणाऱ्या चित्रपटांचा अभ्यास करायचा तर सुरुवात इथून करावी. या प्रकाराला जे उत्तम साधते आणि जिथे तो हमखास घसरतो, ती दोन्ही ठिकाणे या एकाच पटकथेत आहेत. उत्तम साधले आहे ते सरावाच्या मैदानावरच्या एका प्रसंगात, जिथे एका मुलाकडे ५० यार्ड मागितले जातात. घसरण आहे ती शेवटच्या ५१ यार्डांच्या किकमध्ये, आणि खरे तर तिच्या बऱ्याच आधीपासून.

अलेक्स आणि स्टीफन केंड्रिक हे दोघे भाऊ याच चर्चच्या सेवेत होते. मायकल कॅट हे तिथले तेव्हाचे मुख्य पाद्री. माणसांच्या मनावर आता चर्चपेक्षा चित्रपटांचा प्रभाव जास्त पडतो, हे केंड्रिक बंधूंना पटले होते आणि त्यातूनच चर्चच्या छत्राखाली शेरवूड पिक्चर्स उभी राहिली. २००३ साली त्यांनी जुन्या गाड्या विकणाऱ्या एका माणसाची गोष्ट ‘फ्लायव्हील’ या चित्रपटात सांगितली, अवघ्या वीस हजार डॉलरमध्ये. दुसऱ्या खेपेला फुटबॉल घेतला. अलेक्स यांनी दिग्दर्शन केले, भावाबरोबर पटकथा लिहिली आणि प्रशिक्षक ग्रँट टेलरची मुख्य भूमिकाही स्वतःच केली.

गोष्ट थोडक्यात अशी. शायलो ख्रिश्चन अकॅडमीच्या ‘ईगल्स’ संघाला टेलरच्या हाताखाली सहा वर्षांत एकही हंगाम धड गेलेला नाही. मुलांचे वडील त्याला काढून टाकायच्या खटपटीत आहेत. गाडी रस्त्यात बंद पडते, घरात कसलीतरी दुर्गंधी सुटली आहे, आणि पत्नी ब्रुकला दिवस जात नाहीत, त्यात दोष आपला आहे असे त्याला कळते. सगळीकडून कोंडी झाल्यावर तो रात्र प्रार्थनेत काढतो आणि संघापुढे नवे तत्त्व ठेवतो : जिंकलो तरी देवाची स्तुती, हरलो तरी देवाची स्तुती. मग संघ जिंकत जातो आणि राज्याच्या अंतिम सामन्यात त्याची गाठ पडते ती ‘जायंट्स’शी, म्हणजे अक्षरशः राक्षसांशी. किक मारणाऱ्या किरकोळ अंगाच्या मुलाचे नाव डेव्हिड आहे. बायबलमधली दावीद आणि गल्याथाची कथा (कोवळा दावीद गोफणीने राक्षसी योद्ध्याला पाडतो ती) ज्याच्या कानावर आहे, त्याला पुढचे सांगावे लागत नाही.

खासगी शाळा का?

भारतीय प्रेक्षकाच्या नजरेतून एक गोष्ट सहज निसटते. शायलो ही खासगी ख्रिस्ती शाळा आहे आणि पटकथेसाठी ती तशीच असावी लागते. अमेरिकेच्या सरकारी शाळेत प्रशिक्षकाने सगळ्या संघाला गोळा करून देवाबद्दल असे बोलणे घटनेच्या पहिल्या दुरुस्तीच्या, म्हणजे सरकारने धर्माची बाजू घेऊ नये या नियमाच्या, विरुद्ध जाते. टेक्सासमधल्या सांता फे शाळा मंडळाच्या खटल्यात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने फुटबॉल सामन्याआधी ध्वनिक्षेपकावरून होणारी प्रार्थना घटनाबाह्य ठरवली होती. प्रार्थना विद्यार्थीच म्हणणार होते, तरीही. पुढे २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टनच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सामना संपल्यावर मैदानाच्या मध्यावर, ५० यार्डांच्या रेषेवर, गुडघे टेकून वैयक्तिक प्रार्थना करणाऱ्या प्रशिक्षकाच्या बाजूने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला. म्हणजे २००६ साली हीच गोष्ट सरकारी शाळेत घडवली असती, तर तिचा कणा कायद्याची लढाई झाला असता. खासगी शाळा निवडल्यामुळे पटकथेला थेट घरात आणि ड्रेसिंग रूममध्ये शिरता आले.

त्याची किंमतही मोजावी लागली. सगळी पात्रे आधीपासून एकाच श्रद्धेची आहेत. टेलरला आतून कुणी प्रश्न विचारत नाही. २०१५ चा ‘वुडलॉन’ हा अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या सरकारी शाळेवरचा चित्रपट. १९७३ सालच्या त्याच्या गोष्टीत गोरी आणि काळी मुले नुकतीच एका संघात आली आहेत, त्यामुळे तिथे श्रद्धेला खरोखर काहीतरी सांधावे लागते. शायलोमध्ये तसा ताण नाही, म्हणून लेखकांनी तो बंद पडणाऱ्या गाडीतून आणि घरातल्या दुर्गंधीतून उभा केला आहे. छोट्या अडचणींची अशी रास आपल्याला खरी वाटते, हे कबूल करायला हवे. घर चालवणाऱ्या कुणालाही ती ओळखीची आहे.

एक लाखात मैदान कसे उभे राहते

चर्चची स्वतःची शाळा होती, शेरवूड ख्रिश्चन अकॅडमी, तिचा फुटबॉल संघ होता आणि सभासदांची घरे, गाड्या, दुकाने हाताशी होती. एक लाखाच्या आकड्यात यातल्या कशाचीच किंमत धरलेली नाही. या आकड्याने भारावून जाऊन कुणी तसाच हिशेब मांडला तर फसेल. क्रीडापटात पैसा खातात त्या चार गोष्टी : खेळता येणारी माणसे, त्यांचे गणवेश आणि पॅडिंग, प्रेक्षकांची गर्दी आणि रात्रीचा उजेड. पहिल्या तीन चर्चकडे तयार असतात. चौथी कुणालाच फुकट मिळत नाही.

अमेरिकेत शाळांचे फुटबॉल सामने शुक्रवारी रात्री दिव्यांच्या उजेडात होतात, त्यामुळे चित्रीकरणही रात्रीच करावे लागते. मैदानावरचे मेटल हॅलाइड दिवे एकदा मालवले की लगेच पुन्हा लागत नाहीत. आतला दाब उतरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे थांबावे लागते. ‘जरा दिवे बंद करा’ असे कुणी सहज म्हणाले, तर दोनशे माणसे अंधारात बसून राहतात. दुसरा त्रास लुकलुकण्याचा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १२० वेळा उजळतो. सेकंदाला २४ चौकटी आणि १/४८ सेकंदाचे शटर (एका चौकटीला उजेड मिळण्याचा वेळ) ठेवले, तर एका चौकटीत अडीच उजाळे येतात आणि चौकटींचा वेग विजेशी तंतोतंत जुळला नाही, तर चित्राचा उजेड कमी-जास्त होत राहतो. शटर १/६० केले की बरोबर दोन उजाळे येतात आणि चित्र स्थिर होते. (आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हाच हिशेब १/५० वर जुळतो. कोल्हापुरात रात्रीच्या फुटबॉल सामन्याचे शूटिंग करणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.) हा चित्रपट पॅनासॉनिकच्या व्हॅरिकॅमवर झाला. तो कॅमेरा सेकंदाला ६० चौकटींपर्यंत जाई, म्हणजे साधारण अडीचपट संथ गती त्यातच मिळे. टक्करीचे आणि झेल घेण्याचे प्रसंग संथ केले की शाळकरी मुलांचा खेळ मोठा दिसतो आणि त्यातली कच्ची बाजू झाकली जाते.

हेल्मेट ही आणखी एक अडचण. नटाचा चेहरा जाळीमागे जातो आणि प्रेक्षकाला कोण कोण आहे ते कळत नाही. म्हणून महत्त्वाच्या पात्रांचे जर्सी क्रमांक पहिल्या दहा मिनिटांत, हेल्मेट काढलेल्या प्रसंगांतच डोळ्यांत भरावे लागतात. केंड्रिक बंधूंनी मोजक्याच चार-पाच मुलांना नावे आणि गोष्टी दिल्या, बाकीचा संघ गर्दी म्हणून ठेवला. हे शहाणपणाचे झाले. हौशी नटांकडून भावनिक संवाद नीट वठत नाहीत, आणि या चित्रपटातल्या घरातल्या बैठकींचे प्रसंग त्यामुळे खरोखरच ताठर झाले आहेत. मैदानावर मात्र तीच मुले मोकळी दिसतात, कारण तिथे ती रोजचेच काम करत असतात.

डोळे बांधून

आता त्या प्रसंगाकडे वळू. पुढचा प्रतिस्पर्धी आपल्यापेक्षा तगडा आहे, असे ब्रॉक नावाचा मुलगा सरावात बोलून जातो. संघ त्याचे ऐकतो हे टेलरला ठाऊक आहे. तो त्याला ‘डेथ क्रॉल’ करायला लावतो. यात दुसऱ्या खेळाडूला पाठीवर उताणा घ्यायचा आणि हातापायांवर रांगत जायचे, गुडघे जमिनीला लागू द्यायचे नाहीत. पाठीवर जेरेमी, साधारण ७२-७३ किलोचा. टेलर ५० यार्ड मागतो, म्हणजे जवळपास ४६ मीटर. मग तो ब्रॉकच्या डोळ्यांवर पट्टी बांधतो. अंतर दिसत राहिले तर मुलगा जमेल तिथे थांबेल, हे त्याचे कारण.

सुरुवातीला बाजूची मुले हसतात. ब्रॉक दमदारपणे निघतो. थोड्या अंतरावर पहिल्यांदा थबकतो आणि ५० आले का विचारतो. टेलर उत्तर टाळतो, चालत राहा म्हणतो. पुढे हात थरथरू लागतात, दुखतेय, भाजतेय, अशी ओरड सुरू होते. टेलर आधी शेजारी चालतो, मग वाकतो, मग स्वतः गुडघ्यांवर येऊन त्याच्या कानाशी ओरडू लागतो. दरम्यान मागची मुले एकेक करून उभी राहिलेली दिसतात, हसू केव्हाच मावळलेले. शेवटी ब्रॉक कोसळतो, ५० यार्ड झाले असतील अशी आशा बोलून दाखवतो, पट्टी निघते आणि तो मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये असतो. अख्खे मैदान पार झालेले, १०० यार्ड.

हा प्रसंग का वठतो, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने बारकाईने तपासावे. पहिले कारण शरीर. हौशी नटाला रडणे जमत नसेल, पण पाठीवर माणूस घेऊन रांगताना येणारी थरथर खोटी करावी लागत नाही. दुसरे कारण जागेचे मोजमाप. मैदानावर दर पाच यार्डांवर पांढरी रेषा असते. प्रेक्षकाला त्या दिसतात, ब्रॉकला दिसत नाहीत, म्हणून ५० ओलांडल्याचे आपल्याला त्याच्याआधी कळते आणि आपण श्वास रोखून बसतो. तिसरे कारण प्रशिक्षकाची उंची. उभा, वाकलेला, गुडघ्यांवर, अशा तीन पायऱ्यांनी तो मुलाच्या पातळीला येतो. या सगळ्यात देवाचे नाव कमी आणि घाम जास्त आहे. तरीही अख्ख्या चित्रपटातला श्रद्धेचा सर्वांत खरा अर्थ इथेच उमटतो, कारण दिसत नसताना चालत राहायचे, ही गोष्ट शब्दांत सांगावी लागत नाही, ती अंगावर येते. कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत आणि खेळाडूंच्या शिबिरांत हे पाच-सहा मिनिटांचे दृश्य एकटेच दाखवले जाते, चित्रपटाचे नाव माहीत नसलेल्यांनाही ते भावते, ते त्यामुळेच.

नवस आणि परतफेड

उरलेल्या पटकथेचे तसे नाही. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे, नवस. देवाशी बोली करायची, तो पावला की फेडायची. टेलरचे तत्त्व नवसाच्या नेमके उलट आहे. देव काही देवो न देवो, स्तुती चालू राहील, म्हणजे निष्काम भक्ती. पटकथा मात्र त्याला एका मागोमाग एक फळ देत सुटते. प्रार्थनेनंतर संघ जिंकू लागतो. बंद पडणाऱ्या गाडीच्या जागी कुणीतरी नवा ट्रक भेट देतो. नोकरी टिकते. प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेरीत) ईगल्स हरतात, तेव्हा वाटते की आता ‘हरलो तरी’ या शब्दांची कसोटी लागणार. इतक्यात बातमी येते की जिंकलेल्या संघात वयाच्या अटीत न बसणारे खेळाडू होते, म्हणून तो बाद झाला आणि ईगल्स पुन्हा स्पर्धेत आले. संघाचा पराभवही काढून घेतला गेला. अशी बाद ठरवण्याची कारवाई शालेय खेळात खरोखर होते, तेव्हा प्रसंग अशक्य कोटीतला नाही. दोष आहे तो त्याच्या वेळेचा.

ब्रुकच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट दिसते. ती दवाखान्यात जाते, चाचणी नकारार्थी असल्याचे कळते. बाहेर पडताना डोळे भरून आलेले असतानाही ती देवाला सांगते की माझे तुझ्यावरचे प्रेम कमी होणार नाही. अभिनय साधा आहे, पण क्षण खरा आहे. मूल होत नसलेल्या किती बायकांनी किती देवळांच्या आणि चर्चच्या पायऱ्यांवर हेच स्वतःला बजावले असेल. आणि लगेच नर्स मागून धावत येते : निकालात घोटाळा झाला होता, तू गरोदर आहेस. ब्रुकच्या वाक्यानंतर ते वाक्य रुजायला पटकथेने एक संपूर्ण प्रसंगही दिलेला नाही. तिला निदान त्या दिवशी रिकाम्या हाताने घरी जाऊ द्यायचे, नवऱ्यासमोर स्वयंपाकघरात उभे राहू द्यायचे, त्याच्याच दोषामुळे झालेले हे दुःख त्या दोघांनी बोलायचे की गिळायचे ते ठरवू द्यायचे, आणि नर्सची हाक दहा-पंधरा पाने पुढे न्यायची. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट. तेवढ्या पंधरा मिनिटांत कौटुंबिक नाट्य उभे राहिले असते. ज्या घरात ती हाक कधीच आली नाही, त्या घरातल्या प्रेक्षकाला या चित्रपटाकडे बोलायला काही नाही, ही त्यातली सर्वांत दुखरी उणीव आहे.

अंतिम सामना जिंकून देणाऱ्या शेवटच्या किकचेही असेच. हिशेब पाहा : चेंडू ३४ यार्डांच्या रेषेवर, त्यात एंड झोनचे १० आणि चेंडू मागे देऊन ठेवण्याचे ७, मिळून ५१. शालेय फुटबॉलमध्ये गोलपोस्ट २३ फूट ४ इंच रुंद असतो, व्यावसायिक खेळातल्या साडेअठरा फुटांपेक्षा बराच मोकळा, आणि चेंडू टेकवायला जमिनीवर दोन इंचांपर्यंतचा आधार, म्हणजे टी, ठेवता येतो. तरीही ५१ यार्ड हे शाळकरी मुलासाठी फार झाले. डेव्हिड नुकताच सॉकरकडून (म्हणजे आपल्याकडच्या फुटबॉलकडून) इकडे आलेला, एवढे अंतर त्याने कधी मारलेले नाही, शिवाय वारा समोरून. यातला खरा धागा त्याच्या वडिलांचा. ते व्हीलचेअरवर असतात आणि मुलाला सराव देताना हात वर करून गोलपोस्ट होतात. शेवटच्या किकच्या वेळी ते कुंपणाच्या आधाराने उठून उभे राहतात आणि हात वर करतात. तेवढे पुरेसे होते. बापाने शरीराची मर्यादा ओलांडली, मुलाने त्याच्याकडे पाहून किक मारली, यात ब्रॉकच्या रांगण्याइतकेच बळ आहे. पण पटकथा वाराही फिरवते. वारा फिरला की मुलाची मेहनत आणि बापाचे उभे राहणे, दोन्हींचे श्रेय अर्धे होते.

थिएटरपर्यंतचा रस्ता

वितरण कसे जुळले ते ऐकण्यासारखे आहे. केंड्रिक यांना ‘थर्ड डे’ या बँडचे एक गाणे वापरायचे होते, म्हणून त्यांनी हक्कांसाठी प्रॉव्हिडंट या संगीत कंपनीला लिहिले. परवानगी देण्याआधी कंपनीने चित्रपट पाहायला मागितला. प्रॉव्हिडंट सोनीच्या छत्राखाली होती आणि तिथून वितरणाचे दार उघडले. गाण्याची रीतसर परवानगी मागितली म्हणून चित्रपट देशभर लागला. छोट्या निर्मात्यांपैकी कितीतरी जण ‘कोण विचारणार’ म्हणून गाणे तसेच वापरतात आणि पुढे वितरकाच्या वकिलापाशी अडकतात, त्यांच्यासाठी एवढे उदाहरण पुरेसे आहे.

२००६ मध्ये बहुतेक थिएटरांत ३५ मिमीची प्रिंट लागे. एका प्रिंटला दीड ते दोन हजार डॉलर धरले तरी ४४१ प्रिंटांचे साडेसहा ते पावणेनऊ लाख होतात, म्हणजे चित्रपटाच्या निर्मितिखर्चाच्या किमान सहापट. हा भार वितरकाशिवाय कुणाला पेलणारा नव्हता. आणि गल्ल्यातला साधारण निम्मा वाटा थिएटरवाल्यांचा, म्हणून एक लाखाचे एक कोटी झाले, असे कधी म्हणू नये.

पहिल्या तीन दिवसांत १३ लाख ४३ हजार डॉलर आले, दर थिएटरमागे तीन हजारांच्या वर. एकूण गल्ला त्या पहिल्या आठवडाअखेरीच्या साडेसातपट झाला. हा चित्रपट पहिल्या गर्दीनंतर कोसळला नाही, मुरत गेला. चर्चच्या मंडळ्या गटाने तिकिटे काढत, पाद्री व्यासपीठावरून सांगत. समीक्षकांनी झोडपले, त्याचा या प्रेक्षकावर काही परिणाम झाला नाही.

प्रमाणपत्रावरून वादही झाला. अमेरिकेत चित्रपटांना वयोगटानुसार प्रमाणपत्र देणाऱ्या एमपीएए या संस्थेने ‘पीजी’ दिले, म्हणजे मुलांसोबत पालकांचे मार्गदर्शन असावे. धर्मप्रचारामुळे हे मिळाले, असे आपल्याला सांगण्यात आल्याचे निर्मात्यांचे म्हणणे होते. संस्थेने फुटबॉलमधली मारामारी आणि वंध्यत्वासारखे विषय पुढे केले. प्रकरण अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सदस्यांपर्यंत पोहोचले, त्यांच्यापैकी रॉय ब्लंट यांनी विचारणा केली. पीजी तसेच राहिले, आणि चित्रपटाचे नाव मात्र प्रदर्शनाआधीच घरोघरी गेले.

याच बंधूंनी २०१९ मध्ये ‘ओव्हरकमर’ केला. मैदान पुन्हा ख्रिस्ती शाळेचे, प्रशिक्षकाची भूमिका पुन्हा अलेक्स यांची. गावातला कारखाना बंद पडतो, कुटुंबे गाव सोडतात, बास्केटबॉलचा संघ विस्कटतो आणि प्रशिक्षकाच्या हाती उरते क्रॉस-कंट्री पळणारी एकच मुलगी, हॅना, तीही दम्याची रुग्ण. तिचे वडील रुग्णालयात आहेत, मधुमेहाने दृष्टी गेलेली. एकेकाळी ते स्वतः धावपटू होते. कुठे वेग धरायचा, चढावर श्वास कसा सांभाळायचा, हे ते मुलीसाठी आवाजात ध्वनिमुद्रित करून देतात आणि ती शर्यतीत ते ऐकत पळते. दिसत नसलेला बाप पळणाऱ्या मुलीला वाट सांगतो. ब्रॉकच्या डोळ्यांवरची पट्टी इथे दुसऱ्या रूपात परत आली आहे. शर्यत हॅनाच जिंकते. पण या खेपेला नर्स धावत येत नाही, आणि वडील वाचत नाहीत.